पत्रं मिळालीच नाहीत

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर न पाठवता खोलीवर पाठवतेय. ऑफिसात गेलेल्या पत्रांचं काय होतं ते मला आता पक्कं ठाऊक आहे.

काल तू फोनवर आईला विचारलंस म्हणे, "कशी आहे ती मुलगी?" ती मुलगी! शाळा सुटली की आपल्या ओट्यावर चढून पाय हलवत बसणारी, तुझा आवाज फुटला तेव्हा तुला 'भोंगा' म्हणून हाक मारणारी भिंगरी आता 'ती मुलगी' झाली का रे? तर ऐक. तिच्या कमरेचं हाड मोडलंय. डाव्या पायात सळई घातलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल हळूहळू, पण पळण्याचं आत्ताच विचारू नका. तिने शुद्धीवर आल्या आल्या नेमकं तेच विचारलं होतं. तिची आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

शाळेजवळचा पूल तुला काय सांगायचा! तूही त्याच पुलावरून शाळेत गेलास, पण तेव्हा दोन्हीकडे कठडा होता. आता एका बाजूचा गंजून नाल्यात पडलाय आणि त्याच्या जागी दोरी बांधून तिला लाल फडकं लावलंय. झाला बंदोबस्त! नागरिकशास्त्राच्या बाई म्हणाल्या, मत द्यायचं वय झालं नसेल तुमचं, पत्र लिहायचं तर झालंय ना? मग सगळ्या वर्गाने तुझ्या नगराध्यक्ष साहेबांना लिहिलं. आमच्यातल्या एका पंडिताने तीन पानं खरडली. कुणी पुलाचं चित्र काढलं. भिंगरीने दोनच ओळी लिहिल्या, "साहेब, निवडणुकीत तुम्ही गाडीतून हात हलवत हा पूल ओलांडलात. आता एकदा दप्तर घेऊन पायी ओलांडा."

आणि ती पत्रं घेऊन आम्ही तुमच्या ऑफिसात आलो तेव्हा मी किती मिरवत होते, आठवतंय? माझा दादा साहेबांचा सचिव! तू सगळ्यांना सरबत पाजलंस. गठ्ठा माझ्या हातातून घेतलास आणि म्हणालास, "आज संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर असतील." भिंगरी बाहेर पडताना म्हणाली, "तुझा भोंगा कामाचा निघाला गं!"

मग उत्तरं आली. सगळ्यांना एकसारखी, छापील, साहेबांच्या हसऱ्या फोटोसकट. 'आपण दिलेल्या शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार.' भिंगरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. "अगं, शुभेच्छा कुठे दिल्या मी? मी तर झापलं होतं!" मी हसले नाही. पेपरात साहेबांचा फोटो आला होता, समोर आमचाच गठ्ठा, खाली लिहिलेलं, 'विद्यार्थ्यांच्या प्रेमाने साहेब भारावले'. त्यावर मी तुला फोन केला, तर तू म्हणालास, "वाचायला वेळ कुणाला आहे गं? पण बघ, तुमच्या शाळेचं नाव तर झालं." तेव्हाच मी तुला बोलायला हवं होतं. पण तू थकलेला वाटलास, आणि माझी जीभ वळली नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शाळा सुटली, समोरून दुधाची गाडी आली, आम्ही सगळ्या बाजूला सरकलो. भिंगरी ज्या बाजूला होती, तिथे सरकायला जागाच नव्हती. तिने दोरी धरली होती, दादा. दोरी तिच्याबरोबरच खाली गेली.

रागाने मी तेव्हा वेडी झाले नाही. तेव्हा नुसती रडत होते. राग आला तो परवा, पेपर उघडल्यावर. 'सदर पुलाबाबत आमच्या कार्यालयाकडे एकही लेखी तक्रार आलेली नाही.' आणि खाली साहेबांचं नाव नाही, तुझं! साहेब नामानिराळे आणि तू पुढे. असं वाक्य लिहिताना हात कसा धजला तुझा? आमची पत्रं वाचली असतीस आणि फेकली असतीस, तरी मी समजले असते. पण ती आलीच नाहीत? मग सरबत कुणाला पाजलंस, भुतांना?

आई मला म्हणते, "भावाच्या पोटावर पाय आणू नकोस. किती खेटे घातल्यावर मिळालीय ती नोकरी." तिचं खोटं नाही. तू घरी बसून होतास तेव्हा तिने काय काय सोसलं ते मी पाहिलंय. बाबांनी तो पेपर शेजाऱ्यांकडे वाचायला दिला नाही, नेहमी देतात. तुझ्या बचावासाठी मी स्वतःशी पुष्कळ भांडले. साहेबांनी सांगितलं असेल, धमकावलं असेल, तुला झोप लागत नसेल. नसेलच लागत, अशी माझी आशा आहे. पण भिंगरी छताकडे बघत पडलीय आणि तिला पेपर वाचता येतो. काल तिने मला एवढंच विचारलं, "आपण खरंच दिली होती ना गं पत्रं?" तिला स्वतःवरच शंका यायला लागलीय. हे तुझ्या त्या एका वाक्याने केलंय.

तर आता मुद्द्याचं. सोमवारी नगर सभागृहात चौकशी आहे. वर्गातर्फे मी बोलणार आहे. पत्रं कुणाच्या हातात दिलीत, असं मला विचारतील आणि मी तुझं नाव घेईन. आईच्या पाया पडून, पण घेईन. हे तुला तिथे सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे पत्र. माझ्याआधी उठून तू स्वतः सांगितलंस, तर मला तोंड उघडावं लागणार नाही. नोकरी जाईल, हो. त्यानंतर घरी ये. आईला मी समजावेन, दार मी उघडेन. आणि तू साहेबांच्या शेजारी मान खाली घालून बसून राहिलास, तरी मी बोलेन. फक्त त्या वेळी मान वर करून माझ्याकडे बघ, एवढंच मागते.

एवढी चिडूनही तुझीच,
धाकटी