पांढरा ठिपका

१४ नोव्हेंबर

मोतीबिंदू दाखवायला गेले आणि भलतंच गळ्यात पडलं. एकच डोळा उरलाय, त्याच्यावरही साय धरली, म्हणून नातवाने, प्रफुल्लने नेलं. तपासणारा डॉक्टर माझ्या दुसऱ्या, खोट्या डोळ्याकडेच बघत बसला. म्हणाला, थांबा, मॅडमना बोलावतो. जणू दुकानात नवा माल आला.

मॅडम म्हणजे चैताली. घोटीच्या भातगिरणीवाल्याची पोर. लहानपणी कॅन्सर होऊन वाचलेली माणसं शोधत फिरते. पुढे त्यांचं हृदय, हाडं, पोरंबाळं कशी राहतात त्याचा अभ्यास करते म्हणे. म्हटलं, मग माझ्याकडे काय काम? मला काटा लागला होता. अडीच वर्षांची असताना. आईच सांगायची.

"आई अजून काय सांगायची?"

सांगायची की कंदिलाच्या उजेडात तुझा डोळा मांजरासारखा चमकायचा. मग मुंबईच्या दवाखान्यात काढून टाकला.

पोरीचा पेन थांबला. "आजी, काट्याने डोळा चमकत नाही."

१५ नोव्हेंबर

साठ वर्षं उलटून गेल्यावर कळलं — मला कॅन्सर झाला होता. आला, गेला, मला पत्ता नाही. धडधाकट नवरा गेला, मुलगा गाडीखाली गेला, आणि मी बसलेय पोळ्या लाटत.

१८ नोव्हेंबर

चैताली घरी आली. प्रश्नावर प्रश्न. शाळा? चौथी. पोरं एकडोळी म्हणायची, बसले घरी. लग्न? बिजवराशी. पुढे कुठे गाठ, हाडाचं दुखणं? काही नाही.

"मग इतकी वर्षं कशी काढलीत?"

म्हटलं, लिही — तोंडाच्या जोरावर.

हसली. मग हळूच म्हणाली, डोळा काढून दाखवाल का? नाही म्हटलं. काचेचा डोळा म्हणतात, असतो प्लास्टिकचा. मी तो मोरीत कडी लावून धुते. नवऱ्यालाही ती खोबण कधी दिसू दिली नाही. हिला काय म्हणून दाखवू?

जाताना चपला घालता घालता विचारलं, घरात लहान मूल आहे का. आहे की, प्रफुल्लची पोरगी. पाच महिन्यांची. पिंपळगावला आजोळी आहे. तिने घातलेली चप्पल काढली आणि परत आत येऊन बसली. हा आजार कधी कधी रक्तातून उतरतो म्हणाली. एखादी पिढी गप्प बसतो, मग उठतो. माझं रक्त घेतलं. त्याचा निकाल यायला वेळ लागेल, पण बाळाचं थांबवू नका, लगेच आणा. फ्लॅशच्या फोटोत एखादा डोळा पांढरा दिसतो का तेही बघा.

१९ नोव्हेंबर

प्रफुल्लला अजून बोलले नाही. प्रफुल्लने फोनवर पाठवलेले पोरीचे सगळे फोटो भिंग धरून बघितले. दोन्ही डोळे काळेभोर, करवंदासारखे. उगाच घाबरवलं त्या बाईने.

तरी दोन पोळ्या करपल्या. जीव जाग्यावर नाही.

२० नोव्हेंबर

पोरीला मी एकदाच पाहिलंय. नामकरणाला. सव्वा महिन्याने पाठवतो म्हणाले होते, पाच महिने झाले. नातसून स्नेहा चांगली आहे, पण तिची आई प्रतिभा! मी हात पुढे केले तर पोरीवर शाल ओढली. "झोपलीय, नका उचलू." पोरगी टक्क जागी. भिंतीवर बुद्ध आणि दारावर लिंबू-मिरची. एका डोळ्याच्या बाईची नजर लागते म्हणे. मग दोन डोळ्यांच्या बाईची दुप्पट लागायला पाहिजे.

आता मी जाऊन सांगू की पोरीच्या डोळ्यात खोट असेल? म्हणतील, बघा, म्हातारीने लावलीच.

२१ नोव्हेंबर

सांगितलं. प्रफुल्ल जेवत होता. कॅन्सरचं ऐकून घेतलं, रक्ताचं ऐकून घेतलं. फ्लॅशचं सांगितलं तसा घास हातात राहिला.

म्हटलं, घाबरू नको, फोटो मी बघितलेत. काही नाही त्यांच्यात.

"आजी, ते मी साफ केलेत."

मला कळेना. साफ म्हणजे काय, भांडी आहेत का?

हा नाशिकरोडला स्टुडिओत लग्नाचे अल्बम करतो. फ्लॅशने माणसांचे डोळे लाल येतात, ते कॉम्प्युटरवर काळे करायचे. दिवसभर तेच काम. पोरीचे फोटो सगळ्यांना पाठवायच्या आधी तसाच हात फिरवला. "सगळ्यांचे दोन्ही लाल येतात. हिचा एक लाल, एक पांढरा यायचा. मला वाटलं ट्यूबची चमक आहे."

मूळ फोटो उघडला. भिंग लागलं नाही. डाव्या बुबुळात पांढरा ठिपका, चुन्याचं बोट लावावं तसा. पुढच्या फोटोतही. त्याच्या पुढच्याही.

"आजी, शिव्या दे ना मला."

तोंडाच्या जोरावर जगलेली बाई मी, त्याचं ताट पुढे सरकवलं. म्हटलं, आधी जेव. उजाडलं की गाडी काढ.

२२ नोव्हेंबर

पिंपळगाव. कांद्याच्या टेंपोंमागे गाडी मुंगीसारखी.

प्रतिभाने ऐकलं आणि उभी राहिली. "आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं."

"तुमच्या नाहीच. आमच्या आहे. माझ्यातून आलं असेल."

"म्हणजे शेवटी तुमचीच नजर—"

प्रफुल्ल तापला. मी त्याला खाली बसवलं. भांडणात मी हरत नाही, पण आज जिंकून काय उपयोग? म्हटलं, हो. लागली माझी नजर. आता ज्याची लागली त्यानेच उतरवायची असते ना? मग मी सांगते त्या दवाखान्यात चल. मीठ-मोहऱ्या वाटलं तर बरोबर घे.

तेवढ्यात स्नेहाने आतून पोरीची पिशवी आणली. आईला म्हणाली, "ती डावीकडून खुळखुळा वाजवला तर बघत नाही. मी तुला म्हटलं होतं ना? तू म्हणालीस, लहान आहे."

गाडीत पोरगी प्रतिभाच्याच मांडीवर. मी पुढे बसले.

२४ नोव्हेंबर

भूल देऊन तपासली. चैताली बाहेर आली, सगळ्यांना समोर बसवलं. उजवा डोळा सध्या स्वच्छ. डावा आतून गाठीने भरलाय. काढावा लागेल.

स्नेहा म्हणाली, नाही काढला तर?

"तर पोरगी जाईल."

"आणि काढला तर? कशी जगेल ती?"

चैतालीने नुसतं माझ्याकडे बोट केलं. "ह्या बसल्यात ना."

प्रतिभाने मान वर केली. आजवर माझ्याशी बोलताना ती माझ्या खांद्यामागे कुठेतरी बघायची. आज सरळ तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. मला पदर सावरावासा वाटला.

२ डिसेंबर

मुंबईला ऑपरेशन झालं. फोन आला. रडते, दूध पिते.

मेथी निवडायला घेतली. देठ ठेवले, पानं टाकली.

११ डिसेंबर

रक्ताचा निकाल आला. माझ्यातूनच. प्रफुल्लच्या बापाच्या डोळ्यांना काही झालं नाही, प्रफुल्लच्या नाही, आणि नेमकं तिच्यात जाऊन उठलं. चैताली म्हणते, हे कुणी कुणाला देत नाही, आजी. म्हटलं, देत नसेल. पण गेलं ना माझ्याकडून?

तिने मान डोलावली. बरं केलं. खोटं बोलली असती तर हाकलली असती.

पोरीला आता जन्मभर तपासत राहायचं. दुसरा डोळा, हाडं, सगळं. मलाही दरवर्षी ये म्हणते. मी कशाला? तर म्हणाली, तिच्यापुढचा रस्ता तुम्ही चालून आलात, आम्हाला तो बघायचाय. रस्ता कसला. खड्डे आहेत नुसते. येते म्हटलं.

३ जानेवारी

मोतीबिंदूची तारीख दिली होती. पुढे ढकलली. पिंपळगावहून फोन नाही.

१८ जानेवारी

प्रतिभाचा फोन. पोरीला प्लास्टिकचा डोळा बसवलाय. धुवायला काढायचा तर स्नेहाचे हात थरथरतात, प्रतिभाला तर बघवत नाही.

"आजी, तुम्ही तुमचा कसा काढता... आम्हाला दाखवाल का?"

म्हटलं, या. पोरीला माझ्या मांडीवर द्यावी लागेल.

"देते."

मोरीत उजेड कमी पडेल. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी बसावं लागेल.