उडीचं बटण तुझ्या बाजूला

ठोंब्या,

जिंकले! आपला कॅसेटवरचा गेम नव्या कॉम्प्युटरवर चालू झाला. "ताई, तुझ्या बापजन्मी जमणार नाही," म्हणाला होतास ना? आपला बाप एकच आहे, तेव्हा शब्द जपून वापर.

जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारे तीन इम्युलेटर लावून पाहिले. पहिल्यात चित्रं झकास, पण गेममधला आपला चोर वारा प्यायल्यासारखा पळत सुटला. दुसऱ्याने सगळं बाणांच्या बटणांवर आणून ठेवलेलं, म्हणजे एका हाताने एकट्याने खेळा. त्यात काय राम? तिसरा दिसायला अगदीच गबाळा, पण त्यात बटणं हवी तिथे नेता येतात. तोच ठेवला. पळणं कीबोर्डच्या डाव्या टोकाला, माझ्याकडे. उडी उजव्या टोकाला, तुझ्याकडे. लहानपणी कोपरं मारत बसायचो, अगदी तसं.

गेम सातव्या खोलीतल्या विहिरीच्या काठावर थांबवलाय. जेवायला येत नाही म्हणून आईने वायर उपटली होती, तीच विहीर. इथवर मी एकटी पोचले, पण विहिरीत अकरा वेळा पडले.

तुझं ताट आज खोलीच्या दाराबाहेर ठेवलेलं नाही. कॉम्प्युटरच्या टेबलावर झाकून ठेवलंय. बाहेर ये आणि तिथेच जेव. ऑफिसचा विषय मी काढणार नाही, शपथ.

शिवणाच्या दुकानातून सहाला येते. दोन खुर्च्या मांडून ठेव.

ताई