भरलेली फट

जीवना बंदर, श्रीवर्धन
सोमवार, २६ जुलै १९६५

प्रिय दिनादादास,

केसरचा नमस्कार. आई-बाबा खुशाल आहेत. दोन दिवस पाऊस उघडला आहे. काल घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. बाबांच्या अग्निबाणासाठी तू कारखान्यातून पाठवलेल्या इंधनाच्या ठोकळ्यांपैकी सर्वांत लहान ठोकळा मी लोखंडी नळीत बसवून, सुरूच्या बनापलीकडे वाळूत, चाचणीसाठी पेटवला.
२. तो जळत गेला नाही. पेटताक्षणी नळी फुटली.
३. नळीचा एक तुकडा किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या आपल्या होडीच्या फळीतून आरपार गेला.
४. मी पेटवायची विजेची तार लांबवून वाळूच्या बांधाआड बसले होते. इजा कोणालाही नाही.

बाबांनी फळीचे भोक पाहिले आणि कापूस व राळ घेऊन ते बुजवायला बसले. शेजारची ठमीकाकू ओटीवरून ओरडली, "काळूभाऊ, तुमचा बान चांदोबाला लागंल तवा लागंल, आधी आमची कौलं सोडा!" बाबा हसले. एरवी मलाही हसू आले असते.

उरलेले ठोकळे मी नंतर उजेडात नेऊन पाहिले. पावसाळी हवेत ते ओलावले, म्हणून बाबांनी ते सुक्या बोंबलांबरोबर चुलीवरच्या माळ्यावर ठेवले होते. चुलीवर. हे मला काल कळले; आता ते मी तिथून हलवले आहेत. वाळताना त्यांना तडे गेले. सर्वांत लांब तडा बारा फुटी बाणाच्या ठोकळ्याला आहे. पण सहज पाहिले तर दिसणार नाही, कारण त्यात कापूस आणि राळ भरून वरून हात फिरवला आहे, होडीच्या सांध्यांत भरतात तसा. काम सुबक आहे. बाबांचेच.

आज सकाळी मी बाबांना विचारले. म्हणाले, "फट भरली का पानी येत न्हाय, तं आग कशी शिरंल गो?"

"बाबा, राळ जळते."

"तू पुस्तकातली, त्यो कारखान्यातला. दिन्यानंच सांगून धाडलं, होडीची भरता तशी भरा म्हनून. कालचा पोरखेळ व्हता. मोठ्या बानाची नळी जाड हाय."

दादा, तुझी सगळी पत्रे बाबांना मी वाचून दाखवते. हा निरोप पत्रात नव्हता. तो एस.टी.वर कंडक्टर असलेल्या सदाच्या तोंडी आला. का, ते मी विचारत नाही.

फटीत आग शिरली की इंधन एकाच वेळी सगळीकडून पेटते आणि तो दाब नळीला सोसत नाही. मागच्या वर्षी हे तूच मला वाळूत आकृती काढून समजावले होतेस. तेव्हाचा आठ फुटी बाण सुटला आणि बाबा टोपी हातात घेऊन कमरेइतक्या पाण्यात धावत गेले, तुला आठवत असेल. तो आपण दोघांनी तारेने, लांबून पेटवला होता. यंदा नारळी पौर्णिमेला तुझे साहेब बघायला येणार, म्हणून थाटासाठी तार नाही, वात. दर्याला नारळ वाहून झाला की ती बाबांनी हाताने पेटवायची. त्यांनी नवी टोपी शिवून घेतली आहे. बंदरात सगळ्यांना दाखवून झाली.

ठोकळे मी समुद्रात टाकू शकते. मग बाबा तुझ्याकडून नवे मागतील, त्यांनाही तडे जातील आणि ते पुन्हा भरतील. तुझ्या नावाने खोटे पत्र वाचून दाखवणेही अवघड नाही. सदा पुढच्या खेपेला तुला विचारून येईल. माझे ते ऐकत नाहीत. ९ ऑगस्टला मला पुण्यात प्रयोगशाळेत रुजू व्हायचे आहे. पौर्णिमा १२ ला आहे.

साहेबांना काय सांगायचे ते तू ठरव. बाबांना मात्र तूच लिही: फट भरायला मी सांगितले, ती चूक होती, बाण पेटवू नका. एवढेच पुरे. मी ते जसेच्या तसे वाचून दाखवीन. तोंडी निरोप नको.

पत्र बाबांच्या नावे, शनिवार ७ ऑगस्टपर्यंत पोहोचावे.

तुझी बहीण,
केसर