पाण्याचा लोटा आणि टेम्पो

मंगळवार, पौष वद्य पंचमी

रविवारी सकाळी आरमोरीजवळच्या खेड्यात एका विधवेचा जुना छोटा टेम्पो पाहायला गेलो. थंडीतही इंजिन लगेच सुरू झालं. धानाच्या पोत्यांसाठी अशीच भरवशाची गाडी हवी होती. तेवढ्यात तिची आंधळी सासू पाय धुवायला पाण्याचा लोटा घेऊन अंगणात आली.

"आला का रे बापू? किती उशीर!"

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. देवा, का सुरू केलं?

सून म्हणाली, "घेऊन जा ही गाडी, भाऊ. गिऱ्हाईकानं गाडी सुरू केली का माय पाणी आणते. पोरगा मेला म्हणून तिले किती येळा सांगू?"

तो लोटा डोळ्यांपुढून हलत नाही. दुसरी गाडी पाहावी? पण मग दुसरा कोणी तिथं जाऊन चावी फिरवील.

आज टेम्पो घेतला. माझा भाऊ आणि दोन गडी सोबत नेले, अंगणातून ढकलतच काढला. पारावरचे लोक हसले, "बंद गाडी गळ्यात पडली काय, भाऊ?" मी नुसती मान हलवली. गाव दिसेनासं झाल्यावर चावी फिरवली.