कूलर बंद ठेवून घेतलेली परीक्षा

बल्लारपूर, रविवार, मे २००४

आज माझा कॉम्प्युटर पास झाला! नागपूरचा दुकानदार म्हणत होता, "भाऊ, गेमसाठी जास्त स्पीडवालाच प्रोसेसर घ्या." पण तो भट्टीसारखा तापतो, आमच्या उन्हाळ्यात काय टिकणार? मी कमी स्पीडचा, थंड राहणारा घेतला. मदरबोर्डही एकेक खोक्यातून काढायला लावले. बोर्डवरच्या कपॅसिटरच्या बारीक डब्या पाहिल्या, उष्णतेनं त्याच तर फुगतात आणि बोर्ड बिघडतो. ज्याच्या डब्या सरळ, मजबूत आणि माथे सपाट, तोच बोर्ड निवडला. तरी धाकधूक होतीच. निवड चुकली तर?

म्हणून भर दुपारी मुद्दाम खोलीतला कूलर बंद केला आणि आमच्या पिंकीला रेसिंगचा गेम लावून दिला. आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "काऊन जी, पोरीले भाजून राह्यले का?" पिंकी घाम पुसत गाडी पळवत होती. गेम एकदाही अडकला नाही. शेवटी मशीन बंद करून झाकण उघडलं, डब्यांचे माथे पाहिले. सपाट! अगदी आणले तसे.

"बाबा, मशीन नाई तापली, मी तापली," पिंकी म्हणाली. "आता तरी कूलर लावा!"

लावला. पण तोंड तिच्याकडे करून. मशीनला त्याची गरज नाही.