गिअरपेटीचा खांदा

बाबा, काल एका पोराची गाडी पाहायला गेलो होतो. आता पान्हा हातात नीट धरवत नाही, पण गिअर जड पडला आणि पेटीतून तेल गळू लागलं की लोक अजून मला बोलावतात. मी आधी एकच विचारतो, गार असताना गळतं की तापल्यावर? कालही विचारलं, आणि ते पोर उत्तर देत असताना माझं लक्षच उडालं, तुम्ही आठवलात. म्हणून लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. जिवंत होतात तेव्हा तरी मी तुमच्याशी कुठं धड बोललो?

त्रेसष्ट साल असावं. दारव्ह्याकडच्या खेड्यांतून जिनिंगच्या कारखान्याला कापूस वाहायचा हा आपला धंदा, आधी तुमच्या बैलगाडीनं, मग माझ्या ट्रकनं. लष्कराच्या मोडीतला तो ट्रक दारात आला त्याच वर्षी तुम्ही शेवटची बैलजोडी विकली. विकली म्हणजे मीच विकायला लावली. बैल गेले, ट्रक चालवता येईना, मग तुम्ही त्यातलं आपलं काम शोधून काढलंत. सकाळी रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं, काच पुसायची, काठी वाजवून चाकांतली हवा पाहायची. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण तेवढ्यावर तुमचा दिवस उभा होता, हे मला कळत होतं.

पोळ्याची आदली संध्याकाळ, खांदशेकणीची. घरोघरी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळले जातायत, उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं जातंय, आणि आपल्या अंगणात नुसता ट्रक उभा. तुम्ही वाटी हातात घेऊन विचारता, "कारे, इचा खांदा कोठी हाय?" मी हसलो नाही. हसलो असतो तर बरं झालं असतं. मी केबिनमधली पायाखालची फळी उचलली, गिअरपेटी दाखवली आणि म्हणालो, "हा पाहा खांदा. सारं वझं इथूनच वढल्या जाते." थट्टाच होती, पण निम्मी खरीही होती. लोखंड तापलं की लोणी वितळेल, म्हणून तुम्ही जवसाच्या तेलात हळद आणि शेंदूर घट्ट कालवला, आणि पळसाच्या पानानं पेटीच्या झाकणावर, गिअरच्या दांड्याच्या मुळाशी चांगला थापला. बोटभर जागा सोडली नाहीत. अर्धवट काम तुम्हाला ठाऊकच नव्हतं. मी फळी परत बसवली आणि विसरून गेलो.

दिवाळीनंतर कापूस सुरू झाला आणि गाडीनं मला रडवलं. दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकायला दोन्ही हात लावावे लागत. कळंबला पोचून गाडी उभी केली की खाली तेलाचं थारोळं. मी जाड तेल घातलं, तर गिअर आणखी जड झाला. तेल अडवणारं सील दोनदा बदललं, गळती तशीच. गळतं खालून, म्हणून मीही दर वेळी खालूनच पाहत होतो. माझ्या अकलेची धाव तेवढीच. शेवटी यवतमाळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. तुम्हीही बरोबर आलात, काच पुसायचं फडकं खांद्यावर टाकून.

मिस्त्रीनं खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. विचारलं, "गार असतानी गळते का तापल्यावर?" मी म्हटलं, तापल्यावर. त्यानं फळी उचलली, तेल भरायचा बोल्ट जरासा सैल केला, आणि पेटीतून फुस्स करून हवा सुटली. मग खिळ्यानं झाकणावरचा थर खरवडला. वर धूळ आणि कापसाची रुई बसलेली, खाली तो शेंदूर, खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीसारखा कडक झालेला. त्याखाली एक लहानसं भोक होतं. पेटी तापली की आतली हवा तिथून बाहेर पडते. ते बुजलं म्हणून हवा तेलाला सीलमधून ढकलत होती. दांड्याच्या मुळाशीही तोच थर, म्हणून दांडा अडत होता. एका वाटीनं दोन्ही रोग केले होते.

"हे कोणं लावलं?" मिस्त्रीनं विचारलं.

"आमच्या बाबानं," मी म्हणालो.

गॅरेजमधले सगळे हसले. एकटा मिस्त्री हसला नाही. "म्हातारबा, मशीनीलेबी श्वास घ्या लागते," एवढंच म्हणाला. तुमचा चेहरा उतरला. "म्या जनमभर बैलाचं नाक कधी बुजवलं नाई बापा," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे पाहिलंत. तेव्हा मी सांगायला हवं होतं की जागा मीच दाखवली. मी काय बोललो? "आता या गाडीले हात नका लावू. बैल हाय का हे?" तुम्ही "बरं" म्हणालात आणि खांद्यावरचं फडकं सीटवर ठेवलंत.

गाडी लोण्यासारखी चालली. दुसऱ्या दिवशी निघालो तर वाटेत इंजिन तापलं. रेडिएटरमध्ये पाणी नव्हतं. तुम्ही ओट्यावर बसून मला जाताना पाहिलं होतं, पण उठला नव्हतात. त्यानंतर तुम्ही ट्रकला कधीच हात लावला नाही. घरात तुम्ही रागावला नाहीत, जेवताना पिकापाण्याचं बोलायचात, फक्त गाडीचं नाव काढत नव्हतात. वणीहून रिकामी गाडी आणताना मी एकटाच स्टिअरिंगमागे बोलून पाहायचो, बाबा, चूक माझी होती. घराशी आलो की तोंडाला कुलूप.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, पोरांनाही नाही. त्यात त्यांना काही विशेष वाटणार नाही. एक गोष्ट मात्र राहिली. त्या हिवाळ्यात एका सकाळी गाडी सुरू होत नव्हती, आठवतं? मी अंगणात हँडल मारमारून घामाघूम झालो होतो. तुम्ही दारापर्यंत आलात, थोडा वेळ पाहिलंत, "मिस्त्रीले बलाव" म्हणालात आणि आत गेलात. गाडी बिघडली नव्हती, बाबा. तुम्ही जवळ यावं म्हणून पेट्रोलचा कॉक मीच बंद ठेवला होता.