भिंगबुवांकडे अडकलेली एकतीस ड्रॉइंग्ज

२ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून हे पत्र. लिहिताना मी मोजूनमापून बोलते असं तू म्हणशील, पण ते मी फोनवरही करते.

काम असं आहे. आमची कंपनी पंप बनवते. नव्या पंपाची बेचाळीस ड्रॉइंग्ज आहेत. आजवर प्रत्येक ड्रॉइंग खाकी फायलीतून या टेबलावरून त्या टेबलावर जायचं. एकानं काढायचं, दुसऱ्यानं तपासायचं, तिसऱ्यानं मंजूर करायचं, आणि फाइल या घडीला कुठे आहे ते कुणालाच माहीत नसायचं. गेल्या वर्षी एक हरवलेली फाइल तीन आठवड्यांनी सापडली. खिडकी आपटू नये म्हणून कुणीतरी ती फटीत खोचली होती. आता हा सगळा प्रवास संगणकातून व्हायचा आहे आणि ती सिस्टिम बसवण्याचं काम माझ्याकडे आहे. मी अकरा जणांना विचारून नऊ पायऱ्या ठरवल्या. एकाचं काम संपलं की ड्रॉइंग आपोआप पुढच्याच्या पडद्यावर जातं. हिरवं म्हणजे पुढे, लाल म्हणजे दुरुस्तीसाठी परत. कुणाची किती ड्रॉइंग्ज परत आली याचा तक्ताही मी आपणहून जोडला आहे. साहेबांना तो फार आवडला.

अट एकच. ३० तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत बेचाळीसही ड्रॉइंग्ज सिस्टिममधून मंजूर व्हायला हवीत. नाही झाली, तर खाकी फायली परत येतील आणि माझी तात्पुरती नेमणूक तिथेच संपेल. हे बाबांना सांगू नकोस. ते सल्ले देतात.

आमचे मुख्य तपासनीस साठीला टेकलेत. हातात कायम भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगबुवा म्हणतात. मी सिस्टिम समजावत होते तेव्हा त्यांनी दर वाक्याला मान डोलावली. हे चांगलं चिन्ह आहे.

लोभ आहे, तो उणा होऊ नये.

तुझी,
मोजपट्टी

*

६ सप्टेंबर

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पंपाची खुशाली सविस्तर कळली. तुझी कुठे लिहिली आहेस ते भिंग घेऊन शोधते आहे.

दर वाक्याला मान डोलावणाऱ्या माणसापासून जपून राहा. तुझे बाबा लहानपणापासून असेच मान डोलावतात आणि शेवटी मनातलंच करतात. त्यांना मी काही बोललेले नाही. परवाच त्यांनी विचारलं, की पोरगी पत्रं तुलाच का लिहिते. मी म्हटलं, मला कमी ऐकू येतं, तुला कमी समजतं, तेव्हा माझं काम सोपं आहे. दोन दिवस रुसलेत.

माझं म्हणशील तर उजवा गुडघा संपावर आहे आणि डाव्याच्या वाटाघाटी चालू आहेत. मी सव्वीस वर्षं ट्रेसर होते. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेलं आम्ही बायका ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं उतरवायचो. आमच्याकडे कसल्या नऊ पायऱ्या! दाराशी एक पायरी होती, तिच्यावर सगळे अडखळायचे.

दुपारी तुझ्यासोबत जेवायला कोण बसतं? याचं उत्तर वाक्यात दे, आकड्यात नको.

माया आहेच, ती पत्रागणिक वाढू दे.

तुझी,
आत्या

*

१७ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

एकतीस ड्रॉइंग्ज भिंगबुवांकडे अडकली आहेत. अकरा दिवस झाले, ती पुढेही जात नाहीत आणि परतही येत नाहीत. विचारलं की म्हणतात, बघतोय ना बाई, भिंग पुसायला तरी सवड द्याल की नाही. साहेब रोज माझ्या टेबलाशी येतात, कॅलेंडरकडे बघतात आणि हवापाण्याचं बोलून जातात.

मला वाटलं, म्हाताऱ्याला सिस्टिम बुडवायची आहे. त्यांच्याविरुद्धचे सात मुद्दे मी तारीखवार लिहूनही ठेवले. काल चार वाजता ते एका ड्रॉइंगची घडी खिशात घालून जिना उतरले. मी मागोमाग गेले. हसू नकोस, वीस पावलांचं अंतर ठेवलं होतं.

ते ओतशाळेला लागून असलेल्या सुतारखोलीत शिरले. पंपाचा प्रत्येक भाग तिथे आधी लाकडात घडवतात, त्या लाकडी नमुन्याचा ठसा वाळूत घेतात आणि ठशात लोखंड ओततात. नमुने करणाऱ्या बाईंना सगळे रंधाताई म्हणतात. भिंगबुवांनी बाकावर ड्रॉइंग पसरलं. रंधाताईंनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, की ही कड अगदी सरळसोट आहे, असला नमुना वाळूतून निघायचा नाही, आणि निघालाच तर रुसलेल्या जावयासारखा, घरातलं काहीतरी बरोबर घेऊनच निघेल; कडेला जरा उतार द्या. मग दारात मी दिसले. त्यांनी विचारलं, की ती लाल तक्त्याची मालकीण म्हणजे हीच का.

खाली बसून सगळं ऐकून घेतलं. तीस वर्षं प्रत्येक ड्रॉइंग असंच आधी खाली येतं. भिंगबुवा वर जाऊन ते काढणाऱ्याच्या कानात सांगतात, तो मुकाट्यानं बदल करतो आणि मगच ड्रॉइंग तपासणीला देतो. त्यामुळे कागदोपत्री आजवर एकही ड्रॉइंग परत गेलेलं नाही. मी विचारलेल्या अकरा जणांपैकी कुणीच हे सांगितलं नाही, कारण हे काम आहे असं कुणाला वाटतच नाही. ते म्हणतात, खाली एक चक्कर.

माझ्या सिस्टिममध्ये चक्कर नाही. ड्रॉइंग सरळ तपासणीला येतं. चूक दुरुस्त करून घ्यायची तर लाल करावं लागतं आणि लाल केलं की काढणाऱ्याच्या नावावर ठिपका पडतो. आमच्याकडे काढणारे तिघं आहेत आणि तिघांचंही नोकरीचं पहिलंच वर्ष आहे. भिंगबुवा म्हणाले, की जे मी या बाकावर बसून शिकलो, ते या पोरांना ठाऊक नाही म्हणून त्यांच्या नावाला डाग लावू का? आणि चुकलेल्या ड्रॉइंगला हिरवं करू का? म्हणून ते दोन्ही करत नाहीत.

म्हणजे ड्रॉइंग्ज त्यांनी अडवलेली नाहीत. माझ्या तक्त्यानं अडवली आहेत.

उपाय मला दिसतो. तक्ता काढायचा आणि तपासणीच्या आधी दहावी पायरी घालायची, रंधाताईंची. पण साहेबांनी तो तक्ता त्यांच्या वरिष्ठांना मोठ्या कौतुकानं दाखवला आहे. एकवीस तारखेला बैठक आहे. मी माझी चूक सांगू शकते, किंवा सात मुद्द्यांचा कागद पुढे करू शकते. कागद अजून खणात आहे.

जेवायला कुणी बसत नाही. हे वाक्य आहे.

तुझी,
मोजपट्टी

*

१९ सप्टेंबर

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

पत्र आजच आलं आणि उत्तर आजच्या शेवटच्या टपालात टाकायला शेजारणीला पळवते आहे, म्हणून अक्षर हलतं आहे. गुडघ्याचा संबंध नाही.

एकदा एका साहेबांनी इमारतीच्या जिन्याला अकरा पायऱ्या काढल्या. उंची भागायला बारा हव्या होत्या. तसंच बांधलं असतं तर वरच्या मजल्यावर लोकांना उडी मारून जावं लागलं असतं. मी शाईनं उतरवताना बारा काढल्या आणि डबा खायला गेले. असं किती वेळा केलं ते मोजलेलं नाही. आम्ही सगळ्याच करायचो. आणि त्या वेळी तू येऊन मला विचारलं असतंस, की बाई तुमचं काम काय, तर मीही म्हटलं असतं, की ट्रेसिंग. तेव्हा त्या अकरा जणांवर चिडू नकोस. ते खोटं बोलले नाहीत.

बैठकीत तुझा तो थंड आवाज लावलास तरी चालेल, तो ऐकू नीट येतो. पण बोल. नोकरी गेली तर इथे ये, माझी भांड्यांची मांडणी कधीपासून बिघडली आहे, तिथे नऊ पायऱ्या बसव.

सात मुद्द्यांचं तू मला कळवलंस, तिथेच मी ओळखलं की तो कागद तुझ्याच्यानं देववणार नाही.

घाईत, पण मायेत काटछाट नाही.

तुझी,
आत्या

*

४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

क्रमानं सांगते.

तुझं पत्र बैठकीच्या दिवशी सकाळी मिळालं. बैठकीत मी म्हटलं, की माझा तक्ता भलतंच मोजतो. तो चूक सुधारून घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो, मग कुणी चूक दाखवणार नाही आणि ती थेट लोखंडात उतरेल. साहेबांनी आधी कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, की तुमचं पटतं, पण वर दाखवायला मला एखादा आकडा लागतो हो, मोकळ्या हातानं कसा जाऊ? मी म्हटलं, की ओतल्यावर किती भाग वाया गेले तो दाखवा, तो खरा आकडा आहे. त्यांनी तो वहीत लिहून घेतला. ३० तारीख मात्र हलवली नाही.

तक्ता काढला आणि रंधाताईंच्या बाकाजवळ पडदा बसवला. त्यांच्या पायरीला लाल नाही. त्यांच्याच सांगण्यावरून तिथे एक बटण आहे, त्यावर लिहिलं आहे ‘खाली या’. पहिल्या दिवशी त्यांनी ते एकोणीस वेळा दाबलं. तिघंही नवीन जण जिन्यावरून वरखाली पळत होते आणि भिंगबुवा कठड्याशी उभे राहून, मी तीस वर्षं चढलो तेव्हा कुणी बघायला आलं नाही, असं प्रत्येकाला ऐकवत होते.

शेवटी हात कमी पडले, म्हणून पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग मी काढलं. तेच बेचाळिसावं. तीस तारखेला दुपारी एक चाळीसला माझ्या पडद्यावर आलं, ‘खाली या’.

गेले. सुतारखोलीत सगळे आधीच जमले होते. रंधाताई म्हणाल्या, की या मालकीणबाई, तुमच्या झाकणाचा आतला कोपरा इतका टोकदार आहे की लोखंड निवताना तिथेच तडकेल, जरा गोलाई द्या, तुमच्या स्वभावाला नाही तर निदान कोपऱ्याला. सगळे हसले. मीही हसले. आत्या, माझी चूक निघाली होती, घड्याळ पळत होतं आणि मला बरं वाटत होतं. कारण शोधलं, सापडलं नाही.

तीन दहाला दुरुस्त ड्रॉइंग गेलं. रंधाताईंनी लगेच पुढे पाठवलं. भिंगबुवांनी बावीस मिनिटं तपासलं. साहेबांची मंजुरी चार सव्वीसला आली. बेचाळीस हिरवी. माझी नेमणूक कायम झाली आहे. पत्र साहेबांनी स्वतः आणून दिलं आणि या वेळी हवेचं काही बोलले नाहीत.

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात काढणार, तपासणार, मंजूर करणार अशा तीन चौकटी असतात. आता चार आहेत. रंधाताईंनी आपलं नाव वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, की अक्षर बारीक आहे. मग त्यांनी ते ड्रॉइंग घरी न्यायला मागितलं.

काल माझ्या झाकणाचा लाकडी नमुना वाळूतून उचलायचा होता. रंधाताईंनी नमुना उचलायच्या दोन्ही कड्या माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, सरळ वर, आणि श्वास नंतर घ्या. मी उचलला. वाळूत ठसा जसाच्या तसा, एक कणसुद्धा ढळला नाही. मी ओरडले, आत्या. इतक्या मोठ्यानं, की ओतशाळेतल्या लोकांना वाटलं कुणाला भाजलं, आणि चौघं पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आले.

आत्ता सगळे जेवायला हाका मारत आहेत, म्हणून पत्र इथे थांबवते. तुझ्या बाराव्या पायरीबद्दल मी त्यांना सांगितलं, तेव्हा भिंगबुवांनी तुझा पत्ता मागितला. दिला आहे. उत्तराची तयारी ठेव आणि मायेचा ओघ असाच राहू दे.

तुझी,
मोजपट्टी